थोरल्या काकांची तारीख

माझ्या वडिलांना शेवटच्या काही वर्षांत एकच गोष्ट हवी होती, एक तारीख. त्यांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले ते परत आलेच नाहीत. लष्कराकडून एक कागद तेवढा आला. त्यावर बटालियनचा नंबर होता आणि 'बेपत्ता' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द, तारीख नव्हती. आजीने तो ट्रंकेत ठेवला आणि माझा मुलगा येईल असं मरेपर्यंत सांगत राहिली. त्यामुळे काकांचे विधी कोणी केलेच नाहीत. आम्ही बौद्ध होण्याआधीच्या रीतीने नाहीत आणि नंतरच्या रीतीनेही नाहीत.

आजी गेल्यावर बाबांनी ठरवलं, आता दादाचं पुण्यानुमोदन करायचं. कोकणातल्या आमच्या गावचे बौद्धाचार्य पत्रिकेचा मजकूर लिहायला बसले. काकांच्या नावाआधी त्यांनी 'कालकथित', म्हणजे आमच्यातलं 'कैलासवासी', लिहिलं आणि पेन थांबवून विचारलं, "तारीख काय घालू?" कोणीतरी म्हणालं, साल घाला आणि पुढे 'सुमारास' लिहा. बाबा भडकले. "मानूस काय सुमारास मरतो?" म्हणाले, आणि पत्रिका तशीच अर्धी राहिली.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. बाबा गोदीतून निवृत्त होऊन वाशीला माझ्याकडे राहायला आले होते. मोतीबिंदू झालेला, आणि ऑपरेशनचं नाव काढलेलं खपत नसे. मी टायपिस्ट होते. इंग्रजी वाचणारी घरात मी एकटी. तेव्हा तारीख शोधायचं काम माझ्यावर आलं. संध्याकाळी मी वाचायचं आणि त्यांनी पलंगावर बसून ऐकायचं, असा दोन वर्षं शिरस्ता होता.

आमच्या सेक्टरमध्ये एका बाईंनी घराच्या गॅलरीत वाचनालय काढलं होतं. इतिहासाचं पुस्तक मागितलं की त्या ऐतिहासिक कादंबरी हातात ठेवायच्या.

"अहो काकू, मला खरा इतिहास हवाय."

"हे खरंच आहे की! मी दोनदा रडले."

मी निमूट घरी आणून वाचायची. चौथ्या पानावर राजाचा घोडा उदास व्हायचा आणि बाबा हात वर करायचे. "घोड्याच्या मनातलं ह्याला कुनी सांगितलं? परत दे जा."

पुढे मी ऑफिसातल्या लोकांकडून, फोर्टच्या फुटपाथवरून पुस्तकं आणायला लागले. चांगलं पुस्तक कसं ओळखायचं हे मला कोणी शिकवलं नाही, पण कळायला लागलं. मी पुस्तक मागच्या बाजूने उघडायची. शेवटी सूची असेल, मध्ये नकाशे असतील तर घ्यायचं. मराठी पुस्तकांना सूची बहुधा नसायचीच, मग एका बटालियनपायी अख्खं साम्राज्य वाचावं लागायचं. तह, फितुरी, मंत्रिमंडळं, वखारी. सेनापतीला कोणती दारू आवडायची तेही लिहिलेलं असे. शिपाई मात्र नुसते हजारांत मोजलेले.

सुरुवातीला मेलेल्यांचे आकडे वाचताना माझा आवाज अडखळायचा. काही महिन्यांनी अडखळेनासा झाला. इतके हजार ठार, इतके हजार जखमी, असं वाचून मी पानावर चष्म्याची डबी ठेवायची आणि वरणाला फोडणी द्यायला उठायची. आम्हा दोघांना त्याची सवय झाली होती.

पुस्तक शेवटी मिळालं रद्दीवाल्याकडे. तेव्हा वाशीत बदलीवर आलेली माणसं पुष्कळ, आणि परत जाताना ती पुस्तकं रद्दीत घालायची. ब्रह्मदेशाच्या लढाईवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक, नकाशांसकट. सूचीत काकांच्या बटालियनचा नंबर होता आणि त्यापुढे एकच पान. मी दुकानात उभ्याउभ्या ते काढलं. सगळी मिळून दोन वाक्यं. अमुक सालच्या अमुक महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात या बटालियनने पहाटे नदी ओलांडली. हानी किरकोळ झाली.

तारीख नव्हतीच. दुसरा आठवडा, म्हणजे पुन्हा सुमारासच. किरकोळ म्हणजे आपण किराणा घेतो तसं. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. रद्दीवाला सुतळी बांधत होता ते मी बघत राहिले. आपल्याला काहीच वाटत नाही, याची तेवढी लाज वाटली.

घरात शिरले तर बाबांनी पिशवीच्या आवाजावरूनच ओळखलं. "गावली काय गो, बाय?"

"मिळाली," मी म्हणाले.

आठवड्याचे सात दिवस. मी मधला धरला आणि ती तारीख सांगितली. बाबांनी दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतली.

"कशानं झालं?"

"नदी ओलांडताना."

"दादाला पवायला येत हुतं," ते म्हणाले. "गोळीच लागली असंल. किती जन गेले?"

"पुष्कळ गेले, बाबा. तसं लिहिलंय."

पत्रिका छापली. त्याच तारखेला गावच्या घरी त्रिसरण-पंचशील झालं. बौद्धाचार्यांनी नाव, बटालियन आणि तारीख खड्या आवाजात वाचली. बाबा हमसून हमसून रडले. आजी गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. मी मागे चहाचे कप विसळत होते. एका नातेवाइकाने पुस्तक बघायला मागितलं. ते पान मी उघडून दिलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने ओळीवरून बोट फिरवलं, पुस्तक कपाळाला लावलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

आता गावच्या घरात काकांच्या फोटोखाली ती तारीख रंगवलेली आहे आणि दर वर्षी त्या दिवशी मेणबत्ती लागते. बाबा तीन वर्षांनी गेले, माझ्या डोळ्यांदेखत, माझा हात धरून. त्यांची तारीख विचारली तर मला अजून दाखला काढून बघावा लागतो. काकांची मात्र झोपेतून उठवून विचारा, सांगेन.