उन्हाळाभर मेंढ्यांमागे

जॉर्जियात पशुविज्ञान शिकत असताना लेंड्यांचे नमुने घ्यायला मी एकदाच एका मेंढपाळ बाईंच्या मेंढवाड्यात गेले होते. साठीच्या असतील. बोलताना त्या एका जागी उभ्या म्हणून राहत नव्हत्या. एक मेंढी धरायच्या, शेपटी उचलून खालची लोकर चाचपायच्या, बोटं हुंगायच्या आणि लगेच पुढच्या मेंढीकडे वळायच्या.

तिकडे कोकरू काही दिवसांचं झालं की शेपटीला घट्ट रबरी कडं चढवतात. रक्त पोचेनासं होतं आणि शेपटी गळून पडते. मग तिथे घाण साचत नाही, माश्या अंडी घालत नाहीत. बाईंनी मात्र दोन वर्षांपूर्वी ते बंद केलं होतं. कडं चढवलेलं एक कोकरू धनुर्वातानं त्यांच्या मांडीवर गेलं होतं.

एका मेंढीपाशी त्या थबकल्या. लोकरीत अळ्या वळवळत होत्या.

"धर हिला!"

मी धरली. त्यांनी भराभर लोकर कातरली, अळ्या काढल्या, जखम धुतली.

"आता पुन्हा कडी चढवणार?" मी विचारलं.

"चढवलं की कोकरू तासभर तडफडतं. नाही चढवलं की मी उन्हाळाभर. यंदाही माझीच पाळी असू दे."

परीक्षेत मी कडं चढवण्याच्या बाजूनं लिहिलं होतं. आजही मला तेच बरोबर वाटतं. पण त्या मेंढीला धरून उभी असताना ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.