दाराला लावलेला कडुलिंब

चैत्रात कडुलिंब फुलला की मी आजही खिडकी लावून घेते. घरातले म्हणतात, अगं, किती छान वास येतोय. येऊ दे मेला!

तेव्हा आम्ही जळगावात होतो. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. ह्यांची कचेरीतली नोकरी, निम्मा महिना अमळनेर-पारोळ्याकडे फिरती. आमची एकुलती एक लेक सहा वर्षांची. तिची मैत्रीण मागच्या चाळीतली. तिची आई जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. ही पोर डोळे चोळत उठायची ती थेट आमच्या ओट्यावर. दोघी सागरगोटे खेळायच्या, एका ताटलीत जेवायच्या, भांडायच्या आणि पाच मिनिटांत गळ्यात गळे. मला कौतुकच होतं, खोटं कशाला बोलू? पण माझी लेक तिच्यासारखी अहिराणी बोलायला लागली आणि माझं डोकं फिरलं.

त्याच सुमारास धुळ्याची नणंद आली. वकिलाची बायको, नाकावर माशी बसू देणार नाही. तिच्यासमोर रिकामा डबा उपडा करून आमचं रत्न म्हणतं कसं, "आत्या, लाडू बठ्ठा सरी ग्यात, आते एक बी नही शे." नणंद तोंडाला पदर लावून हसली. जाताना म्हणाली, "वहिनी, पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुंज आहे. तोवर पोरीची जीभ तेवढी धुऊन आणा." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

लेकीला रागावले. मैत्रिणीला दोनदा ओट्यावरून हाकललं. ती कसली जाते! कोपऱ्यावर उभी राहायची, मी आत वळले की हजर. शेवटी मला अवदसा आठवली. त्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ होती. घरात कुणाला देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावत. तो दिसला की भांडीवालीसुद्धा उंबरा ओलांडत नसे. माझ्या लेकीला लस टोचलेली, अंगावर साधी पुरळही नव्हती. हे या खेपेला महिनाभर फिरतीवर होते. मी डहाळा आणला आणि दाराला खोचला.

लेकीला बजावलं, "बाहेर जायचं नाही, खिडकीत यायचं नाही, कुणाला ओ द्यायची नाही. तुला माता आल्यात."

"पण आई, मला कुठे काय झालंय?"

"आई सांगते ना!"

मैत्रीण आली तेव्हा मी दाराच्या फटीतून बघत होते. डहाळा दिसताच ती थबकली. हाक मारली नाही. हात जोडले आणि उलट्या पावलांनी निघून गेली. मला चक्क हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तो पायरीवर पळसाच्या पानावर मूठभर दहीभात. कुणी करणी केली की काय? खराट्यानं तो भात लांब लोटला आणि पायरी धुतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, चौथ्या दिवशीही. कोण ठेवतंय ते बघायला लवकर उठावं म्हटलं, तर दाराची कडी काढायला हात धजेना. आपण देवीला खोटं आवतण दिलं, आता ती खरंच आली तर, असं मनात यायचं आणि मी घटकेघटकेला लेकीचं कपाळ चाचपायची. डहाळा काढायचीही सोय नव्हती. दोन-चार दिवसांत माता गेल्या म्हणून सांगितलं असतं तर कोण विश्वास ठेवणार?

लेकीची भाषा मात्र सुधारली. सुधारली म्हणजे काय, ती बोलेनाशीच झाली. दाराआड बसून चिंध्यांच्या बाहुलीशी काहीतरी पुटपुटायची, माझी चाहूल लागली की गप्प.

सोळा-सतरा दिवसांनी दहीभात यायचा थांबला. सुटले, म्हटलं. तीन आठवडे भरल्यावर मी डहाळा उतरवला, तशी भांडीवाली कामावर आली. लेकीला बघून तिनं कानशिलावर बोटं मोडली.

"पोर वाचली, अक्का. त्या चाळीतल्या पोरीचं पुण्य बरं! रोज पहाटे ओलेत्यानं मरीमायला पाणी घालायची हिच्यासाठी. स्वतःच्या वाटणीचा दहीभात तुमच्या पायरीवर ठेवायची, मातेला थंडावा म्हणून. देवळात तर सगळी देवीच्या घरचीच माणसं. तिथंच तिला लागण झाली असेल, चार दिवस झाले, मातेनं पडलीय. तिला कुठं टोचलं होतं?"

मी हातातली राखेची वाटी तिच्यापुढं ठेवली आणि उतरवलेला डहाळा चुलीत घातला.

ती चाळीतली पोरही वाचली. डोळे गेले, दोन्ही. धुळ्याच्या मुंजीला मी गेलेच नाही. का, ते ह्यांनाही कधी सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी तिची आई तिचा हात धरून आमच्या ओट्यावर आली. काखेत पिशवी, पिशवीत नारळ. म्हणाली, "अक्का, पोरीनं तुमच्या लेकीसाठी नवस केला होता. दोघींनी मिळून नारळ वाहायचाय. येता ना?"

सांगून टाकावं, आत्ताच, असं वाटलं. तोंडही उघडलं होतं मी. तेवढ्यात ती पोर चाचपडत पुढं आली, तिनं माझ्या लेकीच्या गालांवरून, कपाळावरून बोटं फिरवली आणि हरखून ओरडली, "माय वं, एक बी वण नही! मातानी मनं आयकं!" तिचा स्वतःचा चेहरा वणांनी भरून गेला होता. मी पायांत चपला सरकवल्या. न आलेल्या देवीचा नवस फेडायला निघाले मी, बाई!

दोघी पुढं चालत होत्या, हातात हात घालून. रस्त्यात खड्डा आला की माझी लेक तिला थांबवायची. चालता चालता मैत्रिणीनं विचारलं, "तुले बी असंच दुखनं का वं?"

लेकीनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांची पोर ती. एवढा वेळ कुणी माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. मग ती मैत्रिणीकडे वळली आणि तीन आठवड्यांत मी पुसून काढलेल्या त्याच भाषेत म्हणाली, "हां, मले बी असंच दुखनं."