हळदीकुंकवाचे वाण आणि सातिवलीचा गाळा

ती घटना आजही माझ्या मनात ताजी आहे, आणि ती आठवली की प्रथम एक वाक्य कानावर येते. "सायेब, मी प्लास्टिक नाय विकत. मी फुलं विकते."

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. वसईतील एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून मी दालनात येत होतो, तेव्हा निर्मळ गावच्या एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. पती वारल्यानंतर वाडी त्यांच्या नावावर झाली होती. तीत मोगरा, सोनचाफा आणि मधल्या पट्ट्यात केळी. हातात कर विभागाची नोटीस होती. ती घेऊन त्या आधी कर कार्यालयात गेल्या होत्या. तिथे त्यांना पोलिसांत तक्रार द्या असे सांगण्यात आले होते. आमचा अंमलदार त्यांना पुन्हा कर कार्यालयाचाच रस्ता दाखवीत होता. सामान्य माणसाचा असा झोका दोन कार्यालयांमध्ये नेहमीच चालतो. मी त्यांना आत बोलावून बसायला सांगितले.

नोटिशीनुसार या बाई सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यातील एका गाळ्यात प्लास्टिकच्या दाण्यांचा घाऊक व्यापार करीत होत्या. त्यांच्या नावे जीएसटी नोंदणी होती, मोठ्या रकमांची बिले निघाली होती आणि कर मात्र भरलेला नव्हता. बँक खाते गोठवले गेले होते. वसुली झाली नाही तर पुढची पायरी स्थावर मालमत्तेची होती. म्हणजे सातबाऱ्यावर बोजा, म्हणजे वाडी.

"पॅन कार्ड कधी काढलंत?" मी विचारले.

"नाय काढलं. बँकेत मागतलं तवा शेतीवाली म्हनून फारम भरून दिला."

"फोनवर कधी ओटीपी आला होता? कुणी आकडे विचारले होते?"

"माझ्या फोनवर लेकीचा फोन येतो, न फुलवाल्याचा येतो. आकडे-बिकडे कोन धाडनार मला?"

बाई खरे बोलत होत्या याबद्दल मला शंका नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली होती. खोटे बोलणारा माणूस प्रश्नाला उत्तर देतो, खरे बोलणारा प्रश्नावर चिडतो. बाई चिडल्या होत्या. फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि दुसऱ्याच्या ओळखीचा गैरवापर या कलमांखाली गुन्हा नोंदवून तपास मी स्वतःकडे ठेवला.

सातिवलीच्या गाळ्याचे शटर बंद होते. पाटी मात्र नवी कोरी होती. आम्ही पंचनामा केला. गाळ्याच्या मूळ मालकाला विचारले असता भाडेकरारावरची सही आपली नाही, असे त्याने सांगितले. माझे हवालदार मूळचे नंदाखालचे, बोलघेवडे आणि चहाच्या टपरीवर दोस्ती जोडण्यात पटाईत. त्यांनी पलीकडच्या टपरीवरून एक टेम्पोचालक गाठून आणला. पोलिसांना खबर देणाऱ्याचा हेतू क्वचितच उदात्त असतो, आणि त्याने आपला हेतू लपवलाही नाही.

"साहेब, मला गाडी गाळ्यासमोर लावायला सांगितली. रिकामी गाडी. मग फोटो काढले, पाटीसकट. माल कधी चढला नाही, उतरला नाही. भाडं देतो बोलला, अजून देतोय."

"म्हणून आज आठवण झाली का रे?" हवालदार म्हणाले.

"मग काय फुकट पोज द्यायची का, हवालदारसाहेब? हीरो काय मी?"

फोटो काढणाऱ्याला तो ओळखत होता. वसईत एका कर सल्लागाराचे कार्यालय होते. हा त्या सल्लागाराचा मदतनीस. टेम्पोचालकाने पुढे सहज सांगितले, "तोच ओ, जो भाऊंच्या हळदीकुंकवाला लॅपटॉप घेऊन बसतो."

हे 'भाऊ' म्हणजे महापालिकेच्या निवडणुकीचे एक इच्छुक. पालिकेवर तेव्हा बराच काळ प्रशासक होता. निवडणूक आज लागेल, उद्या लागेल, अशी हवा होती. राज्यातही सत्तेची मांडणी बदलली होती. भाऊंनी त्या काळात एकदा पक्ष बदलला होता आणि दुसऱ्यांदा बदलण्याच्या तयारीत होते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या भागात अशा इच्छुकांची हळदीकुंकवे गल्लोगल्ली होतात. मंडप, गाणी, पैठणीची सोडत आणि प्रत्येकीला वाण. त्या वर्षी मंडपाच्या तोंडाशी एक टेबल अधिक होते. 'नव्या योजनांची मोफत नोंदणी' असा फलक, आणि आधार कार्ड दाखवून नोंदणी केल्याखेरीज वाणाचे कूपन मिळत नसे.

सूत्र हाती लागले असे वाटले. मी बाईंना फोन केला.

"तुम्ही भाऊंच्या हळदीकुंकवाला गेला होता का?"

त्या म्हणाल्या, "मी कशाला जाईन, सायेब? मला कोन बोलवनार?"

प्रश्न तोंडातून गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाचे आमंत्रण नसते. सूत्र तिथेच तुटले.

कर सल्लागाराला चौकशीसाठी बोलावले. इस्त्रीचा शर्ट, मोजकी भाषा आणि चेहऱ्यावर तसूभरही चलबिचल नाही. सातिवलीतील अनेक लहान कारखानदार त्याचे अशील होते. त्यांना खरेदीची खोटी बिले पुरवून त्यांचा कर कमी करणे हा त्याचा धंदा आहे, असा आमचा कयास होता. तो याला दुसऱ्याच नावाने ओळखत होता.

"साहेब, मी टॅक्स प्लॅनिंग करतो. पार्टीला वेळ काढून देतो. आता बघा, वर सगळं बदलतंय. नवीन लोक आले की अभय योजना येते, व्याज माफ, दंड माफ. तोपर्यंत थांबायचं असतं. शहाणा माणूस घाई करत नाही."

"आणि तोवर त्या बाईंच्या वाडीवर जप्ती आली तर?"

"ती बाई माझी क्लायंट आहे. तिच्या आधारवर ओटीपी गेला, तो तिने दिला. ओटीपी म्हणजे सही, साहेब. कोर्टात मी एवढंच बोलणार."

मुद्दा बिनतोड होता. ज्या ओटीपीने बाईंच्या नावे पॅन निघाले आणि नोंदणी झाली, तो बाईंनी दिला नाही हे सिद्ध झाल्याखेरीज त्या फिर्यादी न राहता आरोपी ठरू शकत होत्या. मी त्याला जाऊ दिले. घाई न करण्याचा सल्ला त्यानेच दिला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या महिला शिपायाला घेऊन मी निर्मळला गेलो. बाईंचा पुरवणी जबाब घरीच नोंदवायचा होता. एकाच अंगणात दोन घरे होती, धाकटीचे म्हणजे या बाईंचे, आणि थोरल्या जावेचे. थोरलीचा नवरा केळी घेऊन बाजारात गेला होता. सोनचाफ्याच्या कळ्या सुपात होत्या; दोघी जावा बोलता बोलता त्या निवडत होत्या. थोरलीने चहा ठेवला.

मी महिला शिपायाला म्हणालो, "यांच्या आधारला कोणता मोबाईल जोडलाय तेवढं संकेतस्थळावर बघ. शेवटचे तीन अंक दिसतात."

तिने बाईंचा आधार क्रमांक टाकला आणि अंक वाचून दाखवले. बाई गोंधळल्या. "हा माझा नंबर नाय."

"मग कुणाचा?"

आतून भांड्याचा आवाज आला. चहा उतू गेला होता आणि थोरली गॅस बंद न करता उंबऱ्यात उभी होती.

"माझा," ती म्हणाली. "आधार काढलं तवा दोन्ही घरांत एकच फोन होता. सगल्यांना तोच दिला."

आमच्या भागातल्या कितीतरी वाड्यांत हे असेच आहे. एक चूल दोन झाली, तरी जुना क्रमांक एकत्रच राहतो. कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही. कागदावर मात्र त्याचा अर्थ असा होतो की धाकटीची सही थोरलीच्या फोनात राहते.

"तुम्ही हळदीकुंकवाला गेला होता?" मी थोरलीला विचारले.

ती माझ्याकडे न पाहता जावेकडे पाहत बोलू लागली. "सगल्या डबा घेऊन येत व्हत्या. पितळी झाकनाचा, चांगला. मला वाटलं, हिला पन पायजे. हिचं काय चुकलं म्हनून हिला वान नाय? कपाटातून हिचं आधार घेतलं, न टेबलावर दोघींचं नाव दिलं. त्या मानसानं आकडा विचारला, मी सांगला. परत फोन आला, पैठनीला नंबर लागलाय बोलला, परत सांगला."

"डबा?" धाकटी म्हणाली. "तू तर बोललीस बाजारातून आनला."

"काय सांगू गो? हळदीकुंकवाचं वान आनलं सांगतलं असतं तर घेतलं असतंस? न गावात कोनाला कललं असतं तर बोलली असती, रांडावलीला वान देते, हिला काय कलत नाय."

धाकटीने हातातली कळी सुपात टाकली आणि आत गेली. ती रागावून गेली असे मला वाटले. ती गॅस बंद करून, पितळी झाकणाचा तो डबा घेऊन बाहेर आली. त्यात साखर होती. तिने उरलेल्या चहात ती घातली आणि कप जावेच्या हातात दिला. "पी. मग सायेबांना सगलं सांग."

आता सारे थोरलीच्या जबाबावर अवलंबून होते. तिने साक्ष दिली तर वाडी वाचणार होती. पण साक्ष भाऊंच्या मंडपातील टेबलाविरुद्ध जाणार होती, आणि भाऊंचे वजन त्या दिवसांत वाढत होते. शिवाय सारा गाव ऐकणार होता. मी तिला हे स्पष्ट सांगितले. साक्षीदाराला अंधारात ठेवून घेतलेला जबाब न्यायालयात टिकत नाही.

"लिवा सायेब," ती म्हणाली. "वान मी आनलं, आकडा मी सांगला. हिची वाडी जायाची आन मी गप बसायची? अशी जाव नको कोनाला."

तिच्या फोनमधील जुने संदेश अजून तसेच होते. ज्या वेळी पॅन निघाले त्या वेळी दोघी जावांपैकी एक मंडपात होती आणि दुसरी फुले तोडत होती. फुलांच्या व्यापाऱ्याचाही तसाच जबाब मिळाला. त्यानंतर मदतनिसाला ताब्यात घेतले. तो फार वेळ टिकला नाही. त्याच्या लॅपटॉपमध्ये त्या मंडपात वाण घेतलेल्या अनेक बायकांची आधार कार्डे होती, आणि त्यांतल्या काही जणी स्वतःच्या नकळत भंगाराच्या, रसायनांच्या आणि दाण्यांच्या व्यापारी झालेल्या होत्या.

मदतनिसाच्या जबाबावरून सल्लागारालाही अटक केली. त्यानंतर अपेक्षेप्रमाणे दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने ओळख दिली नाही, ओळखीची गरज नाही असा सूर होता. "साहेब, वातावरण बदलतंय. जरा समजून घ्या."

मी म्हणालो, "वातावरण बदलू द्या. स्टेशन डायरीतली नोंद बदलत नाही." पुन्हा फोन आला नाही. भाऊंनी आपला त्या टेबलाशी संबंध नसल्याचा जबाब दिला. तपासातही त्यांना केवळ मतदारांची नावे हवी होती एवढेच निघाले. मदतनिसाने मात्र एक वाक्य सहज सांगितले होते. मागच्या संक्रांतीला तो भाऊंच्या विरोधकाच्या मंडपात बसला होता. पक्ष बदलले, फलक बदलले, टेबल तेच राहिले.

कोठडीत सल्लागाराला मी थोरलीचा जबाब वाचून दाखवला. त्याने तो शांतपणे ऐकला. शेवटी एवढेच म्हणाला, "एका डब्यासाठी?"

"डब्यासाठी नाही," मी म्हणालो. "जावेसाठी. हे तुमच्या नियोजनात नव्हते."

आमचे कागद कर विभागाकडे गेले. सुनावणी होऊन ती नोंदणी सुरुवातीपासूनच रद्द झाली, खाते मोकळे झाले आणि वाडीचा सातबारा कोरा राहिला. खटला पुढे चालला. त्याबद्दल इथे लिहिणे उचित नव्हे.

या प्रकरणाने मला दिलेला धडा तसा साधा आहे. आपण तिजोरीला कुलूप लावतो आणि आधारची छायाप्रत मात्र मंडपात, दुकानात, सोडतीच्या डब्यात निःशंकपणे टाकून येतो. प्रत द्यावी लागली तर तिच्यावर कारण आणि तारीख आडवी लिहून द्यावी. आपल्या आधारला आपलाच क्रमांक जोडलेला असावा, घरातल्या कितीही जवळच्या माणसाचा नसावा. यात अविश्वास नाही, उलट जवळच्या माणसावर येणारे ओझे त्यामुळे टळते. कर वाचवावा, कायद्याने दिलेल्या सवलती जरूर घ्याव्यात, त्यासाठी जाणकाराची मदतही घ्यावी. पण आपले विवरणपत्र भरणाऱ्याकडे आपला पासवर्ड ठेवू नये आणि आपल्या नावे काय भरले गेले ते वर्षातून एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. सरकारे येतात आणि जातात, दर वर-खाली होतात, अभय योजना कधी येतात, कधी येत नाहीत. या सर्व बदलांत एक गोष्ट कायम राहते. नोटीस ज्याचे नाव कागदावर असते त्याच्याच दारात येते.

पुढल्या संक्रांतीला आमच्या महिला शिपायाला निर्मळहून आमंत्रण आले. थोरलीने स्वतःच्या अंगणात हळदीकुंकू केले होते आणि पहिली ओटी धाकट्या जावेची भरली होती. चार-दोन बायका उठून गेल्या, बाकीच्या बसून राहिल्या. वाण म्हणून सोनचाफ्याची रोपे होती.

मी त्या दोघींना शेवटचे पाहिले ते आधार केंद्रात. मी माझ्या कामासाठी गेलो होतो, त्या धाकटीचा क्रमांक बदलून घ्यायला आल्या होत्या. काम झाले. पावती घडी घालून बटव्यात गेली. थोरली जरा उदासच दिसत होती.

"आता तुझं काय येनार नाय माझ्या फोनवर," ती म्हणाली.

"येनार ना," धाकटी स्कूटरला चावी लावत म्हणाली. "मी करीन की फोन. बस मागं."