मामांचं कपाळ

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. लहानपणी त्यांच्या खुर्चीवर आडव्या फळीवर बसून रडलेली पोरं मोठी झाली तरी त्यांना मामाच म्हणत. हात हलका आणि जीभ अखंड चालू. टकलावर चार केस घेऊन कुणी आलं तर म्हणायचे, "बसा, आज कात्रीला काम कमी आणि कानाला जास्त."

त्यांचे स्वतःचे केस मात्र कायम डाव्या भुवईवर उतरलेले असत. त्याखाली एक उंचवटा होता. तिथलं कवटीचं हाड लहानपणापासून वेडंवाकडं वाढत होतं. लाखात एखाद्याला होणारा आजार. शाळेत पोरं 'टेंगूळ' म्हणून हाका मारायची, तेव्हा आईने भांग बदलून दिला होता. तो मामांनी जन्मभर जपला.

पन्नाशीला आले आणि गिऱ्हाइकांचे कल्ले खालीवर व्हायला लागले. एका मास्तरांनी आरशात बघून विचारलंसुद्धा, "मामा, हा उजवा कल्ला माझा, मग डावा कुणाचा?"

मामांनी हसण्यावारी नेलं. पण डाव्या कोपराने कपबशा फुटायला लागल्या तशी मामींना शंका आली. त्यांनी नवऱ्याच्या उजव्या डोळ्यावर हात धरला आणि विचारलं, "सांगा, मी हसतेय की चिडलेय?"

"चिडलीयस."

"दिसतंय?"

"नाही गं. अनुभव."

मामी त्यांना हाताला धरूनच दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी फोटो समोर धरून समजावलं, "डोळ्याला काही झालेलं नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हाडातल्या एका बारीक बोगद्यातून जाते. तुमचं हाड वाढून तो बोगदा आवळतोय. ऑपरेशन करून तो रुंद करू. गेलेली नजर सगळी परत येईल असं मी म्हणणार नाही, पण थांबलो तर उरलीय तीही जाईल."

"आणि केस?" मामांनी विचारलं.

"पुढचे काढावे लागतील."

मामा उठलेच. घरी येऊन म्हणाले, "उजवा डोळा आहे की मला." मामींनी समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एके दिवशी एका जुन्या, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. रक्त थेंबभरच आलं. मामा कासावीस झाले, कापूस दाबून माफी मागायला लागले. म्हातारा शांतपणे म्हणाला, "असू दे रे, दुसरा कान आहे की मला."

मामांनी दुकान बंद केलं आणि घरी आल्या आल्या म्हणाले, "तारीख घे."

ऑपरेशनच्या सकाळी नर्स मशीन घेऊन आली. मामांनी ते मामींच्या हातात दिलं. "वर घे, हलक्या हाताने. घाबरू नकोस, गिऱ्हाईक ओळखीचं आहे." केस मांडीवर पडत गेले आणि कपाळ उघडं झालं. मामा खालमानेने म्हणाले, "बघ, हे असं आहे."

"लग्न झाल्यापासून बघतेय. झोपलात की केस बाजूला पडतात तुमचे."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही इतकं जपत होता. म्हटलं, राहू दे."

ऑपरेशन बराच वेळ चाललं. नसेभोवतीचं हाड कणाकणाने घासून काढलं, वरचा उंचवटाही तासला. सूज उतरल्यावर डाव्या डोळ्याला आधी खिडकीचा उजेड कळला, मग मामींच्या साडीचा रंग, जरा विटका. कडेचं धूसर राहिलं ते राहिलंच. मामा आता त्या बाजूला दोन पावलं सरकून, मान वळवून कापतात. वेळ जास्त लागतो, म्हणजे गप्पाही जास्त.

हाड पुन्हा वाढेल का, हे बघायला दरवर्षी जावं लागतं. मामी सोबत असतातच. बाहेर बाकावर बसून मामा समोरच्या माणसांची डोकी न्याहाळतात आणि हळूच सांगतात, "तो खिडकीपाशी बसलाय ना, त्याचे केस कुणीतरी सूड म्हणून कापलेत." मामी पदरात हसतात आणि त्यांना गप्प बसायला सांगतात.