बैठकीतलं साऊंड कार्ड

पुण्याहून सासुरवाडीला राहायला आलो तेव्हा माझ्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोनच वस्तू सोबत होत्या. एक मोटारसायकल आणि दुसरा कम्प्युटर. मोटारसायकल पहिल्याच वर्षी घरातल्या सगळ्यांची झाली. कम्प्युटरला जरा जास्त वेळ लागला.

पुण्यात मी एका दुकानात ऑडिओ सेट दुरुस्त करायचो. भाड्याच्या खोलीत सुटे भाग गोळा करून मी हा कम्प्युटर जुळवला होता. समोर मोठा टीव्ही, त्याच्याखाली कॅबिनेट, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, मधोमध संवाद ऐकू येण्याचा एक आणि पलंगाखाली बासचा डबा. सिनेमात पाऊस लागला की तो पाठीमागून यायचा. बायको दचकून मागं बघायची आणि मग हसायची.

सासूबाई गेल्या तेव्हा सासरे, म्हणजे आमचे मामा, एवढ्या मोठ्या घरात एकटे राहिले. बायको त्यांची एकुलती एक. सहा महिने राहू, मामा सावरले की परत जाऊ, असं आमचं ठरलं होतं. मी मूळचा वसमतचा, पण तिथलं घर भावाचं झालेलं. त्यामुळं सासऱ्यांच्या गावी, साखऱ्याला राहणं तेव्हा सोयीचंच वाटलं. बायको सेनगावच्या एका शाळेत शिकवायला लागली, मुलगी झाली, ती पण शाळेत जायला लागली. सहा महिन्यांची नऊ वर्षं झाली.

कुणी मला डांबून ठेवलं नव्हतं. मामा कधी वाईट बोलले नाहीत, ताटात कधी उणं पडलं नाही. पण घराबाहेर पडताना चप्पल पायात घातली की बैठकीतून आवाज यायचा, "कुठं चालले, जावई?" त्यात संशय नसायचा. नुसतं विचारणं असायचं. तरी मी दर वेळी थांबून उत्तर द्यायचो, आणि पुष्कळदा उत्तर देता देता जायचं राहूनच जायचं. हळूहळू मी सांगण्यासारखं काम असेल तरच बाहेर पडायला लागलो.

कम्प्युटर आमच्या खोलीत मावला नाही म्हणून बैठकीत गेला. मामांना त्याचा नाद लागला. दुपारी शेतातून आले की ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसायचे आणि कीर्तनं, बातम्या, जुने सिनेमे एकामागून एक बघायचे. मी तिथं बसायचो तो शेजारच्या बाकावर.

त्या नवव्या वर्षी हळद काढायच्या थोडं आधी त्यांनी तक्रार सुरू केली.

"जावई, ह्याचा आवाज दबून राहिला. माणसं तोंडात गुळणी धरल्यावानी बोलून राहिलेत."

मी मधल्या स्पीकरचा आवाज वाढवला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. वायरी बदलल्या, स्पीकरची जाळी काढून साफ केली. तरी पुन्हा तेच.

"बाजारात एक जण म्हनला, आतलं कार्ड बदलावं लागतं. आवाजाचं. तुमच्या हातचं काम हाये ना?"

"करतो मामा," मी म्हणालो.

खरं तर त्याच आठवड्यात पुण्याच्या जुन्या मालकांचा फोन आला होता. ते दुसरं दुकान काढत होते आणि ते सांभाळायला त्यांना मी हवा होतो. होळीपर्यंत कळव, म्हणाले. मी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. मनात म्हटलं, एवढं काम करून देऊ, मामा खूश असतील, तेव्हा विषय काढू. नऊ वर्षांत असे कितीतरी विषय मी कुठल्या ना कुठल्या कामानंतर काढायचे म्हणून ठेवून दिले होते.

हिंगोलीत चार दुकानं फिरलो, पण मला पाहिजे तसं साऊंड कार्ड मिळालं नाही. शेवटी मागवलं. कुरिअर सेनगावपर्यंतच यायचं, तिथून जाऊन आणलं. रविवारी सकाळी बैठकीत सतरंजी टाकून मी कॅबिनेट उघडलं. आत सगळं पिवळं होतं. पंख्याची पाती, वायरी, मदरबोर्डच्या फटी, सगळीकडं हळदीची बारीक भुकटी बसलेली. पुण्यात हाच कम्प्युटर उघडला की राखाडी धूळ निघायची. मी ब्रशनं झाडत बसलो. बोटं पिवळी झाली, नाकात वास बसला. का कोण जाणे, मला एकदम रडू आल्यासारखं झालं. मामा खुर्चीत बसून बघत होते, म्हणून मी मान वर केली नाही.

कार्ड बसवायला वेळ लागला नाही. रिकाम्या स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढली, कार्ड सरळ धरून दाबलं, स्क्रू आवळला. बोर्डवरचा जुना आवाज सेटिंगमधून बंद केला, नव्या कार्डाचं सॉफ्टवेअर टाकलं, स्पीकरच्या हिरव्या, काळ्या, नारिंगी पिना मागं लावल्या. एक गाणं लावलं. इतका स्वच्छ आवाज त्या स्पीकरमधून मी कधी ऐकला नव्हता. तबल्यावर बोट कुठं पडलं ते कळत होतं. मी मामांकडं बघितलं.

त्यांनी मान हलवली. "थोडा फरक हाये," म्हणाले. पण चेहरा तसाच राहिला.

मग मी स्पीकर तपासायचा सूर लावला. एकच सूर असतो, अगदी खालून सुरू होतो आणि चढत चढत शिट्टीपर्यंत जातो. कुठला स्पीकर कुठं कमी पडतो ते त्यात कळतं. सुरुवातीला बासच्या डब्यानं बैठकीची खिडकी थरथरली. सूर वर चढायला लागला. माणसाच्या आवाजाच्या पट्टीतून गेला, तिथून आणखी वर गेला. मुलगी कानांवर हात ठेवून आत पळाली. दारातलं कुत्रं उठून उभं राहिलं. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, बंद करा ते! कान फाटून राहिले!"

आणि तेवढ्यात मामा खुर्चीतून पुढं वाकून म्हणाले, "बघा, बंद पडलं. म्हनलं होतं ना मी? पुन्हा बंद पडलं."

सूर चालूच होता. बैठक त्या आवाजानं भरून गेली होती आणि मामा टीव्हीकडं बोट दाखवून माझ्याकडं बघत होते. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

मी माऊसवर बोट ठेवून सूर थांबवला आणि म्हणालो, "व्हय मामा. बंद पडलं."

असं का म्हणालो याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दया आली हे खरं. पण भीतीही होती. ज्याच्या घरात आपण राहतो, त्याला तुमचे कान गेलेत हे जावयानं कसं सांगायचं? आणि तिसरं एक कारण होतं, ते मी बरेच दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. मामांना ऐकू येत नाही हे एकदा घरात कळलं, की पुण्याचा विषय कायमचा मिटणार होता. म्हाताऱ्या, बहिऱ्या बापाला टाकून कोणती लेक जाईल?

म्हणून मी लपवायला लागलो. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये बारीक आवाज उचलता येतात, ते मी वर केले. मामांना माणसांचं बोलणं जरा उमजायला लागलं, पण बाकीच्यांना ते पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटायचं. बायकोचं डोकं दुखायचं. "चांगलं होतं ते बिघडवलं तुमी," ती म्हणायची. घरी कुणी आलं की मी मामांच्या शेजारी बसायचो आणि समोरच्याचं बोलणं मोठ्यानं पुन्हा म्हणायचो, जणू मीच खात्री करून घेतोय. "म्हणजे हळद शिजवायचा बॉयलर मंगळवारी येणार म्हणता?" मामा लगेच उत्तर द्यायचे. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. पण पाहुणा आला की आता ते हाक मारायचे, "जावई, या इकडं." त्यांना कळलं होतं की मला कळलंय. आधी मी फक्त घरात अडकलो होतो. आता त्यांच्या खुर्चीला बांधल्यासारखा झालो.

होळी जवळ आली तशी हळद शिजवणं सुरू झालं. खळ्यात बॉयलरची वाफ दाटलेली, बाया शिजलेली हळद पसरत होत्या. ट्रॅक्टरची एक भरलेली ट्रॉली रिव्हर्समध्ये मागं येत होती. मामा तिच्याकडं पाठ करून वाकून हळकुंड मोडून बघत होते. ड्रायव्हरला ते दिसत नव्हते. बाया ओरडल्या, मी बॉयलरपाशी होतो तिथून ओरडलो, "मामा, बाजूला व्हा!" त्यांनी हातातलं हळकुंड उजेडात धरलं आणि नाकाला लावलं. मी पळालो. दंडाला धरून त्यांना असं ओढलं की आम्ही दोघंही हळदीच्या ढिगावर पडलो. ट्रॉलीचं चाक हातभर अंतरावर येऊन थांबलं.

मामा उठले. त्यांचं धोतर पिवळं झालं होतं. सगळ्या बाया बघत होत्या. ट्रॉली नंतर दिसली त्यांना. आधी त्यांना एवढंच कळलं होतं की जावयानं चारचौघांत आपल्याला खाली पाडलं.

"काहून ओढलं?" ते धोतर झटकत म्हणाले.

मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं. "मामा, समदे ओरडत होते. तुमाला ऐकू आलं न्हाई."

ते तसेच वळून घराकडं चालत गेले. संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं, कार्ड बसवलं त्या दिवसापासूनचं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?" पुण्याचा फोन मी तेव्हाही सांगितला नाही.

चार दिवसांनी मामा स्वतःच म्हणाले, "नांदेडला कानाचा डॉक्टर असंल ना?" आम्ही दोघंच गेलो. तिथं तपासणीसाठी काचेची एक लहान बंद खोली होती. मामांना आत बसवून कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. सूर ऐकू आला की दाबायचं. दर सुराला बाहेर मशीनवर दिवा लागत होता तो मला दिसत होता. सूर वाजत होते आणि मामा बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होते. अधूनमधून उगाचच दाबत होते. मग त्यांनी काचेतून माझ्याकडं बघितलं, आता दाबू का, असं विचारल्यासारखं. बैठकीत मी त्यांना मदत करायचो तशी इथं करता येत नव्हती. मी मान फिरवून भिंतीवरचा तक्ता वाचत उभा राहिलो.

दोन्ही कानांना यंत्रं लागली. पहिले काही दिवस मामांना कशाचाही त्रास व्हायचा. भांडी, पाखरं, स्वतःच्याच चपला. मी कार्डाची सेटिंग पहिल्यासारखी केली आणि बैठकीतला आवाज पुन्हा माणसात आला.

तेव्हा कुठं मी बायकोला पुण्याचं सांगितलं. दुपारची वेळ होती, ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी हळू आवाजातच बोललो. नऊ वर्षांची सवय होती, बैठकीत जाणार नाही इतक्या आवाजात बोलायची. ती म्हणाली, पोरीची शाळा, माझी नोकरी, आबा. वडिलांना ती आबा म्हणते. मी म्हणालो, मला इथं श्वास घेता येत नाही. नऊ वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

बैठकीतून मामा म्हणाले, "जावई."

त्यांच्या कानांत आता यंत्रं आहेत हे आम्ही दोघंही विसरलो होतो. मी बाहेर गेलो. मामा टीव्ही बंद करून बसले होते.

"जायचं असंल तर जा तुमी. मी अडवलं का कधी?"

"न्हाई, मामा."

"मग काहून लपून बोलता?"

खरंच त्यांनी कधी अडवलं नव्हतं. मी गच्चीवर गेलो, कारण फोनला रेंज तिथंच मिळते. मालकांना फोन लावला. होळी होऊन गेली होती, तरी ते म्हणाले, "ये, अजून कुणाला ठेवलं नाही." मी म्हणालो, "दोन दिवसांत सांगतो." खाली अंगणात मुलगी कुत्र्याला पळवत होती. दोन दिवसांचे आठ झाले. मग मालकांनीच कळवलं की दुसरा माणूस मिळाला. मला वाईट वाटलं. मोकळं वाटलं नाही. पण मनातली ओढाताण थोडी थंडावली, एवढं खरं.

काही दिवसांनी मामांनी रस्त्याकडची कडब्याची कोठी रिकामी करवली. "इथं दुकान टाका," म्हणाले. "तुमच्या हातात कला हाये, ती बसून राहिली." मी दुकान टाकलं. मिक्सर येतात, पंखे येतात, कीर्तनवाल्यांचे अॅम्प्लिफायर येतात. दुकान चांगलं चालतं. मामांनी मनापासून दिलं आणि मी मनापासून घेतलं. पण त्या कोठीचं दार त्यांच्याच अंगणात उघडतं.

मामांच्या बोटांना यंत्राची ती मसुराएवढी बॅटरी धरवत नाही. ती संपली की ते दुकानात येतात, दोन्ही यंत्रं काढून माझ्या तळहातावर ठेवतात आणि स्टुलावर बसतात. त्या एक-दोन मिनिटांत त्यांना जवळचं बोलणंही कळत नाही. मागच्या आठवड्यात असेच बसले होते. मी जुनी बॅटरी काढली, नवीनचा कागद सोलला आणि त्यांच्याकडं पाठ करून, रोजच्या आवाजात म्हणालो, "मामा, मला जायचं होतं. मी गेलो असतो तर बरं झालं असतं."

मग यंत्रं त्यांच्या कानांत बसवली. त्यांनी डोकं हलवून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"काही म्हनले का?"

"न्हाई," मी म्हणालो. "बराबर बसलं का, तेवढं विचारलं."

"बराबर हाये," मामा म्हणाले, आणि काठी टेकत घराकडं गेले.