इस्त्री बंद ठेवलेला दिवस

गल्लीत तिला सगळे कडकबाई म्हणत. स्वभावावरून नव्हे हो, बाई लोण्याहून मऊ. पण तिच्या हातून गेलेली कॉलर अशी ताठ उभी राही, की घालणाऱ्याची मान आपोआप वर व्हायची. नवरा केव्हाच वारलेला. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. तिथेच इस्त्रीचं टेबल, तिथेच स्वयंपाक, आणि टेबलाखाली अभ्यासाला बसणारी आठ वर्षांची ठमी.

उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच ठमी तिथे भोवळ येऊन पडली. डॉक्टर कडाडले, "खोली आहे की भट्टी? पस्तिशीच्या वर पारा गेला, तर पोरीला इथे ठेवायचं नाही!" तिने ठमीला डोंगरावरच्या गावी, बहिणीकडे पाठवलं. दोन महिन्यांची बोली होती. पण हल्ली उन्हाळा पाय पसरून बसतो. दोनाचे पाच झाले.

मग बहिणीचा फोन आला. "ताई, इथली शाळा तिला वर्षभरासाठी घेतेय. शुक्रवारपर्यंत तुझी सही हवी. नाहीतर तूच ये ना इकडे!"

"तुमच्याकडे बारा महिने स्वेटर. स्वेटरला कोण इस्त्री करतं गं?"

दोघी हसल्या. बहीण आधी थांबली.

कडकबाईला सही करायची नव्हती. दोष सगळा इस्त्रीचा, असं तिच्या मनाने घेतलं होतं. इस्त्री गेली तर खोली निवेल, पोर घरी येईल. पोटासाठी काय, चार घरची भांडी घासू. म्हणून एक दिवस तिने इस्त्री बंद ठेवली. औषधवाल्याकडून भिंतीवरचा तापमापक मागून आणला, पत्र्यावर ओली पोती टाकली.

सकाळीच बँकेचा शिपाई हजर. "कडकबाई, या चुरगळलेल्या शर्टात साहेबांपुढे उभा राहू?"

"साहेब तुझं तोंड बघतात की शर्ट?"

"तोंड चुरगळलेलंच आहे, म्हणून तर शर्टाची काळजी!"

तो गेला, आणि मग दिवसभर कुणी फिरकलं नाही. ती हात मांडीवर घेऊन पाऱ्यासमोर बसली. अकराला चौतीस. तिचा जीव सुपाएवढा झाला. बाराला सदतीस. ती धावत जाऊन पोती पुन्हा भिजवून आली. दोनला एक्केचाळीस.

तिने इस्त्रीकडे पाहिलं. बिचारी कालपासून बंद होती.

संध्याकाळी सही करून तिने कागदाचा फोटो बहिणीला पाठवला. लगेच ठमीचा फोन आला.

"आई, मग मी घरी कधी येऊ?"

"थंडी पडली की."

"आपल्याकडे थंडी कधी पडते?"

ती महिना सांगायला गेली. गेल्या वर्षीचा आठवला, त्याच्या आदल्या वर्षीचा आठवला. दोन्ही जुळेनात.

"पडली की लगेच कळवते हं, राणी."

बोलायचं संपलं होतं, तरी ठमीने फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.