काकांची थांबलेली पेन्शन

ब्रिटिश सरकारचं सगळं लेखन शेवटच्या तळटीपेपर्यंत मनापासून वाचणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो लंडनजवळ हाउन्सलोमध्ये आमच्यापासून तीन घरं पलीकडे राहायचा. बाबांचे हे मित्र. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. विमानतळावर सामान चढवून त्यांची पाठ वाकली होती, पण सरकारी पाकीट दारात पडलं की ती ताठ व्हायची. आधी भिंग, मग पेन्सिल, मग अधिकाऱ्याला दोन पानी उत्तर. कौन्सिलला कचऱ्याबद्दल लिहिलेल्या एका पत्रात समता, बंधुता आणि सोमवारऐवजी मंगळवार अशा तीन मागण्या होत्या. मंगळवार मिळाला. उरलेल्या दोन मागण्यांचा पाठपुरावा चालू आहे, असं ते सांगायचे.

त्यांच्या पुढच्या खोलीत डुप्लिकेटर होता. त्यावर निघालेल्या पत्रकांना घड्या घालत मी वाढले. ‘बाईच्या हातात तिचा पैसा हवा’ हे पत्रक तर मला आठव्या वर्षीच पाठ होतं.

रविवारी वंदना झाली की विहाराच्या हॉलमध्ये काका लोकांचे अर्ज भरून द्यायचे. डब्यातून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि पाळीची वाट पाहायची. ओळख, नातं, वय काही चालायचं नाही. एकदा बाबा चिठ्ठीशिवाय समोर बसले, तर काकांनी त्यांना उठवून चिठ्ठी आणायला लावली. हॉलमध्ये तेव्हा बाबांशिवाय कोणीही नव्हतं.

पासष्टीला आलेल्या प्रत्येकाला त्यांचा सल्ला एकच: पेन्शन आजच घ्या, उद्याचा भरवसा सरकारलाही नाही. स्वतः पासष्टचे झाले तेव्हा मात्र त्यांनी अर्ज केला नाही. जितकं थांबाल तितकी पेन्शन वाढेल, सत्तरीपर्यंत, असं पेन्शनच्या सरकारी पुस्तिकेत लिहिलं होतं, आणि काकांना त्यात आव्हान दिसलं. आपण थकलो असं सरकारला वाटतंय काय? ते एका गोदामावर अर्धवेळ रखवालदारी करू लागले. मी विशीत होते, मला ती लढाईच वाटली. त्यावर पत्रक लिहायलाही घेतलं.

काकूंची लढाई मला दिसलीच नाही. विमानातल्या जेवणाचे ट्रे भरून भरून त्यांचे गुडघे गेले होते. बायकांना पेन्शन लागते ती साठी उलटली, पगार बंद झाला, आणि नागपूरला बहिणीला फोन करायचा तरी काकांकडे पैसे मागायची वेळ आली. त्यांना आपल्या नावाची पेन्शन हवी होती. ती का येत नाही, हे त्या काकांच्याच पुस्तिकांमधून एकट्या शोधत होत्या.

एका रविवारी काकांनी मान वर न करता सात नंबर पुकारला आणि काकू समोर येऊन बसल्या. शेजारणींचे प्रश्न त्या नेहमीच आणायच्या, त्यामुळे काकांना संशय आला नाही.

“बाई साठीच्या पुढची आहे,” काकू म्हणाल्या. “लग्न झालेली म्हणून नोकरीत स्टँप, म्हणजे पगारातून कापायचा पेन्शनचा हप्ता, कमी भरला. आता तिला पेन्शन मिळणार ती नवऱ्याच्या स्टँपवर, पण त्याने त्याची सुरू केली तरच. आणि तो थांबलाय.”

काका भडकले. “कोण हा गृहस्थ? त्याला घेऊन या, मी बोलतो.”

“इथंच बसलाय. कमी स्टँपच्या कागदावर सही कुठं करायची, तेही त्यानेच पेन्सिलीनं फुली करून दाखवलं होतं.”

रांगेतली माणसं आपापल्या चिठ्ठ्या वाचू लागली. काकूंनी पुस्तिका पुढे सरकवली. काकांनी भिंग धरून ती तळटीप दोनदा वाचली. चूक कबूल करणारा पुढारी पाहायची मी अजून वाट बघते आहे, पण काकांनी भिंग खाली ठेवलं आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाले, “तुझं बरोबर आहे. चूक माझी.” मग कपाटातून स्वतःच्या पेन्शनसाठी कोरा अर्ज काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल न वापरता थेट शाईने भरला. माझं पत्रक अर्धवट राहिलं ते राहिलंच.

काकूंच्या नावाचं पेन्शनचं पुस्तक आलं तेव्हा आम्ही तिघं पोस्टात गेलो. काका बाहेरच वाऱ्यात उभे राहिले. आत चला म्हटलं, तर म्हणाले, “तिचं काम आहे ते.” काकू पर्स छातीशी धरून बाहेर आल्या. किती मिळाले, काय करणार, काकांनी काही विचारलं नाही. न विचारणं त्यांना किती जड जात होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

सत्तरी काकांनी गाठली नाही. आता काकूंबरोबर पोस्टात मी जाते. दारापर्यंतच.